इब्र्याच्या दारामागचा सव्वा तास

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मी माझ्याच घरच्या बाथरूममध्ये सव्वा तास कोंडलेली होते, आणि तेवढ्यात बाहेर माझे पाहुणे मी केलेलं जेवण जेवून मोकळे झाले. अजूनही आठवलं की डोकं तापतं!

आमचं घर इथे आखातात, अल खौदला. भाड्याचा व्हिला. पण मी त्याचं ‘मॉडर्न फार्महाऊस’ करायचं मनावर घेतलं होतं. म्हणजे भिंती पांढऱ्याशुभ्र, दिवे काळ्या लोखंडाचे आणि मध्येमध्ये अस्सल जुन्या वस्तू. (‘लोकांनी टाकून दिलेल्या’ असं माझा नवरा शिरीष म्हणतो.) दिवाणखान्यात पितळी खिळे ठोकलेली लाकडी पेटी होती. तिच्यात मी वाय-फायचा राउटर लपवला. पेटीचं लाकूड इतकं अस्सल, की सिग्नलसुद्धा बाहेर पडेना!

पण माझा खरा जीव होता तो इब्रा गावच्या सूकमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, आणलेल्या नक्षीदार दारावर. इथल्या गाला भागात एका वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या कुडाळच्या सावंतांकडून मी ते पाहुण्यांच्या बाथरूमला बसवून घेतलं. दार पणजोबांच्या काळातलं आणि वरचा रूळ नवाकोरा, स्टीलचा. हात लावला की सर्रकन बाजूला! मी आठवडाभर नुसतं सरकवत होते.

तर त्या शुक्रवारी शिरीषच्या ऑफिसातले देशमुख आणि त्यांची बायको वैशाली जेवायला आले. मी मोठ्या उत्साहाने घर दाखवत होते. टॉवेल ठेवायच्या लाकडी पेटाऱ्यापाशी आलो, तर शिरीष मध्येच म्हणाला,

“ही मूळची शेळ्यांची गव्हाण बरं का! नाकाला लावून बघा, अजून कळतं.”

देशमुखांनी खरंच वाकून वास घेतला! वैशाली खुसखुसली. माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली! ‘हात धुऊन येते’ म्हणत मी बाथरूममध्ये शिरले आणि सगळा राग त्या दारावर काढला.

धाडकन!

दाराची बाहेर लोंबणारी जुनी लोखंडी कडी त्या दणक्याने उडाली आणि नेमकी चौकटीतल्या कोयंड्यात जाऊन बसली. मी दार ओढलं. हलेना. पुन्हा ओढलं. छे!

“शिरीष! कडी काढ!”

“कुठली कडी?”

“बाथरूमची! बाहेरची!”

बाहेर खुडबुड झाली. मग देशमुखांचा आवाज आला, “गंजलीय हो. बत्ता आणा बत्ता.” माझ्या खलबत्त्यातला बत्ता आला. ठण्, ठण्, ठण्! मग ठोकणं थांबलं.

“काय झालं?” मी ओरडले.

“काही नाही,” शिरीष म्हणाला. “वाकली.”

“कोण?”

“कडी. आता मघापेक्षा घट्ट बसलीय.”

दाराला बोटबोट रुंदीच्या भेगा होत्या. त्यातल्या एकीला आमची सई डोळा लावून उभी. वय वर्षे अकरा, मराठी बेताचं. “आई, आर यू ओके? तू आत रडतो आहे का?”

“रडत नाहीये! चिडलेय! बाबांना म्हणावं सावंतांना फोन लाव!”

फोन लागला. सावंत स्पीकरवर म्हणाले, “वैनी आत आसत? घाबरू नकात. इन्शाल्ला अर्ध्या तासात येतंय.”

आता या ‘इन्शाल्ला अर्ध्या तासा’त किती तास असतात ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको!

“दार तोडूया का सरळ?” देशमुख म्हणाले.

“खबरदार!” मी आतून गरजले. “दाराला कुणी हात लावला तर बघा!”

मग बाहेरच्यांना भूक लागली. (आत बसलेल्या माणसालाही लागते, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.) मी भेगेतून पाहिलं. माझी भरली वांगी, माझी मसालेभाताची परात, माझी बासुंदी. वाढणारा शिरीष!

“खरं सांगू का?” वैशालीचा आवाज. “चांगलं नवं घर मुद्दाम जुनं करायचं, मला नाही बाई कळत.”

“आमच्या गावी अस्संच दार होतं,” देशमुख वांगं चावत म्हणाले. “गोठ्याला.”

“हळू बोला,” शिरीष म्हणाला. “भेगांतून ऐकू जातं.”

“जातंच आहे!” मी किंचाळले.

थोड्या वेळाने दाराखालच्या फटीतून एक पापड आत सरकला. पाठोपाठ सईचा आवाज, “आई, वांगी फटीतून येत नाही.”

मी कमोडचं झाकण लावून त्यावर बसले आणि तो पापड खाल्ला. रागाने. कडाकडा!

सावंत आले तेव्हा बासुंदी संपली होती. त्यांनी कडीकडे बघितलंसुद्धा नाही. कोयंड्याचे चार स्क्रू काढले, अर्ध्या मिनिटात दार सर्रकन बाजूला! मी बाहेर आले ती तोफखाना सज्ज करूनच. पण शिरीषने आधी तोंड उघडलं.

“अहो सावंत, बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी ठेवतं का कुणी?”

सावंत शांतपणे स्क्रू ड्रायव्हर पुसत म्हणाले, “मी इचारलंय वैनींका. ‘ही कडी काडून टाकू काय?’ म्हणून. तेवा वैनी माका काय म्हणाले, सांगू?”

देशमुख, वैशाली, शिरीष, सई. आठ डोळे माझ्याकडे!

“सावंत,” मी जन्मात कधी काढला नसेल इतका गोड आवाज काढला, “तुम्ही आधी जेवायला बसा बघू!”

(मी काय म्हणाले होते, ते इथेही सांगणार नाही. त्यात ‘अस्सल’ हा शब्द होता, एवढंच. सावंतांनी मात्र जेवताना तीन वेळा वांगी मागून घेतली, आणि मी ती मुकाट्याने वाढली.)