बारा फडकी

मार्था सिस्टरांनी मला वाचवलं, हे आधी लिहितो, बाकीचं मागून. मूळच्या बेलापूरच्या, नगरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटर सांभाळायच्या. सर्जन मॅडमचे उपकार आहेतच, पण मॅडमच्या टेबलापर्यंत मला नेलं ते सिस्टरांनी. महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा फोन आला. मी इथे कच्छात, बंदराजवळच्या कँटीनमध्ये कणीक मळत होतो. "दादा, आई गेली. तिच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर 'बारावाला' नावानं हाय, म्हणून कळवलं." हात पिठातच राहिले...

मी शेवगावकडचा. आठवीतून शाळा सोडली आणि बाजारातल्या मटणाच्या दुकानात लागलो. एखाद्या मेंढीच्या कलेजीत पाण्याचा पांढरा फोड निघायचा. गिऱ्हाइकाला दिसायच्या आत तो कापायचा आणि मागच्या दाराशी खंड्यापुढे टाकायचा. खंड्या म्हणजे दुकानाचं कुत्रं, माझं लाडकं. त्याच्या पाठीवरून हात फिरवायचो आणि त्याच हातानं भाकरी मोडायचो. काही वर्षांनी उजव्या बरगडीखाली जड लागायला लागलं. सोनोग्राफी झाली आणि मॅडमनी पडद्यावर दाखवलं, माझ्या यकृतात तसाच फोड, नारळाएवढा. फोड खाल्लेल्या कुत्र्याच्या पोटात बारीक जंत होतात, त्यांची अंडी विष्ठेतून त्याच्या केसांना लागतात, तिथून आपल्या हाताला आणि तोंडात. मॅडम सांगत होत्या आणि मला खंड्याची पाठ दिसत होती.

त्यांनी सगळे रस्ते समजावले. फोड नुसत्या पाण्याचा असता तर गोळ्यांवर, नाहीतर सुईनं पाणी काढून आत औषध सोडून भागलं असतं. माझ्या फोडात द्राक्षांसारखी पिल्लं, म्हणजे बारके बारके फोड, भरलेली. ती सुईतून कशी येणार? दुर्बिणीतून करावं तर तो फार मागच्या अंगाला. कवचासकट अख्खा काढावा तर शेजारून मोठ्या रक्तवाहिन्या. म्हणून पोट उघडून फोड आतून रिकामा करायचा, चिकटलेलं कवच तसंच राहू द्यायचं. गोळ्या आधी आणि नंतरही. आतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतू शकतं, आणि जिथं सांडेल तिथं नवे फोड उगवू शकतात, हेही त्यांनी लपवलं नाही.

दुसऱ्या कुणी ते नुसतं ऐकलं असतं. मला ते डोळ्यांपुढे दिसलं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी पिशवी भरली. तेवढ्यात सिस्टर आल्या, पिशवी पाहिली आणि खाटेवर टेकल्या.

"कुठं निघाला रं?"

"घरी. सिस्टर, तो फोड सुरी नुस्ती लागली तरी फुटतो, चिळकांडी उडती. मी किती फोडलेत. मला कोन शिकवनार?"

"लई जाणकार पेशंट मिळाला म्हणायचा. फोडताना भवताली काय लावायचास?"

"काय न्हाई."

"तिथंच आमचं दुकान येगळं हाय."

मग त्यांनी मला एका खोलीत नेऊन घड्या घातलेली पांढरी फडकी दाखवली. ही कडक मिठाच्या पाण्यात भिजवून फोडाभोवती रचायची. आधी सुईनं पाणी ओढायचं, औषध सोडायचं आणि थांबायचं. आतलं मेलं की मगच उघडायचं. "घाई तुज्या दुकानात. बारा आत जातील, बाराच भाईर येतील. मी मोजते." एवढं बोलून त्या परत आल्या आणि माझी पिशवी त्यांनी स्वतःच रिकामी केली.

शुद्धीवर येताना पहिला शब्द ऐकला तो त्यांचा. "बारा." माझं नाव नाही, देवाचं नाही... बारा. पुढे मॅडमनी सांगितलं, फोड काढल्यावरची पोकळी माझ्याच आतड्यांवरची चरबीची जाळी आत घालून भरली. तसली जाळी मी दुकानात ओढून टोपलीत फेकायचो. हजारदा हात लावलेल्या गोष्टीत एवढं सामर्थ्य असतं, आणि ते ओळखणारे हात असतात, हे अजून मनात मावत नाही.

पोटात घातलेली नळी निघाली, घरी सोडलं, तेव्हा विचारलं, "सिस्टर, तुमचं कसं फेडू?" त्या म्हणाल्या, "बाजारात जाऊन सांग. फोड कुत्र्याला टाकू नका, खोल पुरा म्हणावं." मी गेलो होतो. तोंड उघडलं तोच मालक सगळ्यांदेखत म्हणाला, "पोट फाडून घेतलं न् डॉक्टर झाला का रं?" लोक हसले. मीही हसलो आणि परत फिरलो. मग कामासाठी इतक्या लांब आलो. सिस्टर अधूनमधून फोन करायच्या. "सांगितलंस का?" "पुढच्या खेपेला, सिस्टर." "बरं. मी मोजतेय खेपा."

कँटीनमध्ये ओटे पुसायची फडकी मी रोज मोजून वाळत घालतो, मोठ्यानं. बाकीचे चिडवतात. एखादं कमी भरलं तर ते सापडेपर्यंत मी जागचा हलत नाही. आता मात्र माझ्या खेपा मोजणारं कुणी उरलं नाही. सुट्टी मिळाली की आधी घरी जाणार नाही. बाजाराच्या दिवशी त्या दुकानापुढे उभा राहीन. मालकाला हसायचं तेवढं हसू दे, मागच्या दाराशी खड्डा मीच खणून देईन. आणि मग बेलापूरला तुमच्या मातीपाशी येऊन सांगेन, सिस्टर... सांगितलं.