जादा चमचा मागू नये

पाटी बरोबर डोळ्यांच्या उंचीवर लावली होती. ‘एका प्लेटीत दोघांनी खाऊ नये. जादा डिश, जादा चमचा मागू नये. खाऊन झाल्यावर टेबल अडवून बसू नये.’ खाली ‘हुकमावरून’. कोणाच्या हुकमावरून, हे लिहायचं धाडस काही झालेलं नव्हतं. मी ती पाटी दोनदा वाचली आणि माझं डोकं फिरलं. उपाहारगृहात पाट्या असतात हे मला नवीन नाही. दादरच्या याच हॉटेलातल्या पाट्या वाचत माझी अक्षरओळख पक्की झाली. हात बेसिनमध्येच धुवावेत, बाहेरचे पदार्थ आणू नयेत, राजकारणावर चर्चा करू नये, सगळं कबूल. पण चमचा? आम्ही काय तो पर्समध्ये घालून नेणार होतो?

माझ्या समोर आई बसली होती. तिला हल्ली लांबचं वाचता येत नव्हतं, आणि त्या क्षणी मला ते बरंच वाटलं.

त्या हॉटेलाशी आमचं नातं काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर एका चमच्यासाठी ही बाई एवढी का तडकली असं वाटेल. माझे आईवडील लालबागच्या चाळीत राहायचे. दर रविवारी सकाळी दोघं, लहानपणी कधीकधी मलाही घेऊन, दादरला यायचे, फुलं आणि भाजी घ्यायचे आणि मग या उपाहारगृहात बसायचे. मागवायचं ठरलेलं असे. एक प्लेट साबुदाणा वडा, एक कॉफी, वर एक रिकामी डिश आणि रिकामा कप. जुना वेटर हे सगळं न सांगता आणून ठेवायचा. वडील एक वडा आईच्या डिशमध्ये सरकवायचे आणि कॉफी अर्धी करायचे. अर्धी म्हणजे त्यांच्या मते अर्धी, आईच्या कपात नेहमी जास्तच असायची. तिने कुरकुर करायची, त्यांनी ऐकू न आल्यासारखं करायचं, हेही ठरलेलं.

याची सुरुवात ओढगस्तीतून झाली असणार. गिरणी बंद पडल्यावर वडील एका छापखान्यात लागले होते आणि दोन प्लेटी हा विषयच नव्हता. पण पुढे मला नोकरी लागली, बरे दिवस आले, तरी प्लेट एकच. मी एकदा वैतागून म्हटलं, “आता तरी दोन मागवा की!” वडील म्हणाले, “मग बाहेर कशाला यायचं? वेगवेगळं तर घरीपण जेवतो.” तेव्हा ते मला नुसतं बोलणं वाटलं. नंतर लक्षात आलं की ते खरंच होतं. आमच्या घरी आई कायम मागून जेवायची. सगळ्यांची पानं उठल्यावर, पातेल्यात काय उरलंय ते बघून. मला याची भयंकर चीड होती आणि मी त्यावरून तिच्याशी शंभरदा भांडले, पण ती काही आमच्याबरोबर पान वाढून घेईना. नवऱ्याबरोबर, त्याच वेळी, त्याच ताटलीतलं ती खायची ते फक्त रविवारी, दादरला.

गेल्या वर्षी वडील गेले. त्यानंतर आई चाळीचा जिना उतरायची बंद झाली. मी वडाळ्याला राहते, रविवारी तिच्याकडे जाते. दर रविवारी तेच. “चल आई, दादरला जाऊन येऊ.” “कित्याक?” म्हणजे कशाला. भाजी दारावर येत होती, औषधं मी नेत होते, शेजारणी डोकावत होत्या. तिला खाली उतरायची गरज नव्हती, आणि हीच मला भीती वाटत होती. माणूस एकदा खोलीत रुतून बसलं की त्याला बाहेर काढणं कठीण. मी महिनोन्‌महिने तिच्या मागे लागले, आणि एका रविवारी ती तयार होऊन बसलेली दिसली. स्टार्च केलेली साडी, हातात पिशवी. सकाळपासून पोटात काही घातलेलं नव्हतं, कारण वडा खायचा होता.

आणि अशा आम्ही तिथे पोचलो, तर समोर पाटी.

हॉटेल आता मालकाच्या मुलाने हातात घेतलं होतं. संगमरवरी टेबलं गेली होती, वर काळ्या वायरींना बल्ब लोंबत होते आणि थंडगार एसी लावला होता. एका भिंतीवर भलं मोठं चित्र रंगवलं होतं. टोपी घातलेला गिरणी कामगार बशीतून चहा भुरकतोय, मागे चिमणी. म्हणजे भिंतीवर गिरणी कामगार चालतो आणि टेबलावर त्याची बायको चालत नाही, असा तो कारभार होता. टेबलावर पाण्याचे दोन ग्लास आले आणि एक चमचा आला. मी म्हटलं, “एक साबुदाणा वडा, एक कॉफी, आणि एक डिश नि एक कप रिकामा द्या.”

“मॅडम, शेअरिंग अलाउड नाही,” वेटरने पाटीकडे बोट केलं.

“एका प्लेटीत वडे किती असतात?”

“दोन.”

“आणि आम्ही किती जणी आहोत?”

त्याने गल्ल्याकडे पाहिलं. तिथून मालकाचा मुलगा उठून आला, कानाचा मोबाइल जरासा बाजूला करून. “मॅडम, पॉलिसी आहे. लोक एक प्लेट घेतात आणि चौघं तासभर बसतात. आम्हाला पण धंदा करायचाय ना?”

“तुमच्या वडिलांनी काय धंदा केला नाही? त्यांच्यासमोर आम्ही इतकी वर्षं—”

“बाबांचा जमाना वेगळा होता, मॅडम.”

जमाना! जमान्याचं चित्र काढून घेतलंस की भिंतीवर, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आईने समोरचा तो एकुलता एक चमचा माझ्याकडे सरकवला. “तू खा गो,” ती म्हणाली. “माका भूक नाय.”

माझ्या अंगाची आग आग झाली. पुढे मी जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुमच्या बल्बांना आग लागो, इथपासून सुरुवात झाली आणि तुमच्या आईला विचारा चमच्याचं, इथपर्यंत गेलं. लोकांनी खाणं थांबवलं. एकाने मोबाइल वर केला, तेव्हा मी त्यालाही घेतलं फैलावर. मालकाचा मुलगा “व्हॉइस खाली, मॅडम, व्हॉइस खाली” म्हणत होता. आणि यात मला पत्ताच लागला नाही की आई उठून, पिशवी घेऊन, केव्हाच दाराबाहेर गेली आहे.

ती फुटपाथवर खांबाला धरून उभी होती. “दोन प्लेटी घेतलं असतंस तर काय झाला असता?”

“घेतल्या असत्या तर तू खाल्ली असतीस तुझी?”

तिने खरा विचार केला. “नाय,” ती म्हणाली. मग टॅक्सीत बसल्यावर, खिडकीकडे तोंड करून, “आता माका खंय नेव नको. ह्यांच्या माघारी माझी शोभा नको.”

शोभा! त्यांनी चमचा नाकारला आणि शोभा आमची झाली. मी तिला समजावलं, शेजारणींना मध्ये घातलं, स्वतःवरही चिडून झालं, पण तिने हट्ट धरला तो धरला. गणपतीत अख्खी मुंबई लालबागला लोटते, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हाही ती खाली उतरली नाही. गॅलरीतून हात जोडले आणि आत गेली. मला त्या पाटीचा इतका राग होता की त्या वाटेने जायचं मी टाळू लागले. कामासाठी हिंदमाताला गेले तरी लांबचा वळसा घ्यायचे, कारण ते हॉटेल समोर दिसलं असतं तर मी पुन्हा आत शिरले असते आणि यावेळी पोलीस आले असते.

शेवटी तिला बाहेर काढलं ते मोतीबिंदूने. परळला डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि तासाभराने या म्हणून सांगितलं. बाहेरच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या. ऊन मी म्हणत होतं, आणि थेंब घातलेल्या डोळ्यांना ते सोसेना. समोर एका गिरणीच्या जागेवर उभं राहिलेलं कॉफी शॉप होतं. गिरणीचं दार तेवढं शोभेला ठेवलेलं. दुसरा इलाज नव्हता म्हणून आई माझा दंड धरून आत आली, आणि दुसरा इलाज नव्हता म्हणून मीही आले.

आत शिरल्याबरोबर माझा पारा चढला. फळ्यावर कॉफीची इतकी नावं की साधी कॉफी मागणं म्हणजे अडाणीपणा वाटावा. मधल्या लांबलचक टेबलावर चारपाच मुलंमुली लॅपटॉप उघडून बसली होती. समोरचे कप वाळून गेले होते. एकाने तर मोकळ्या खुर्चीवर मोजे घातलेले पाय ठेवले होते. ह्यांना कोणी म्हणत नव्हतं टेबल अडवू नका म्हणून. इथे दिवसभर बसणं म्हणजे स्टाइल, आणि आमच्या आईवडिलांनी अर्धा तास बसणं म्हणजे धंद्याची खोटी! मी काउंटरवर पोचले ती भांडायच्या पूर्ण तयारीने.

“एक कॉफी. साधी. दूध घालून,” मी काउंटरवरच्या मुलीला बजावलं. “एकच.”

तिने आईकडे पाहिलं. “दोघी घेणार ना? मग एक रिकामा कप पण देते, आजी.”

तोंडात आणलेली सगळी वाक्यं तशीच गिळावी लागली, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाही थोडा राग आला. इतक्या महिन्यांचं भांडण असं कोणी न मागता, हसत, मिटवून टाकायचं असतं का? पण तिने लगेच मला चिडायला दुसरं कारण दिलं.

“नाव काय लिहू?”

“कोणाचं नाव? कशाला?”

“कपवर लिहितो ना. झाली की नावाने हाक मारतो.”

“अगं, आम्ही कॉफी प्यायला आलोय,” मी म्हटलं, “बारशाला नाही. टेबलावर आणून द्यायला काय होतं? म्हाताऱ्या माणसांनी काय हाक मारल्यावर धावत—”

माझ्या मागून आईने नाव सांगितलं.

तिचं नाही. माझंही नाही. माझ्या वडिलांचं.

नुसतं नाव. पुढे राव नाही, आडनाव नाही. मुलीने ते मान खाली घालून कपावर लिहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिला काय कळणार तिथे काय झालं ते!

माझ्या आईने जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. अहो, हे, तुझे बाबा. हळदीकुंकवाला फारच आग्रह झाला तर उखाण्यात, तेही पदर तोंडाला लावून, कोणाला धड ऐकू जाऊ नये असं. रेशनच्या खिडकीवर कारकुनाने विचारलं, “नवऱ्याचं नाव?” की ती मला पुढे ढकलायची, “सांग गो.” मी सहासात वर्षांची असल्यापासून तिच्या वतीने ते नाव सांगत आले. कॉलेजात गेल्यावर मी तिच्याशी कडाकडा भांडले. “नाव घेतलं तर काय त्यांचं आयुष्य कमी होणार आहे का?” ती म्हणाली होती, “कोणाक ठावक? कित्याक घ्यावा?” वडील गेले तेव्हा हॉस्पिटलच्या टेबलावरही तिने मलाच पुढे केलं होतं. तेव्हाही तिच्या तोंडून ते आलं नाही. आणि आता कमी व्हायला काही उरलं नव्हतं.

आम्ही कोपऱ्यात बसलो. मी तिच्याकडे बघत होते आणि ती, थेंबांनी काळेभोर झालेले डोळे उघडे ठेवून, कशाकडेच बघत नव्हती. मला तिला खूप काही विचारायचं होतं. नेहमीप्रमाणे चिडून विचारता आलं असतं तर सोपं गेलं असतं, पण राग कुठे गेला होता कोण जाणे.

मग काउंटरवरून हाक आली. स्पष्ट, मोठ्याने, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी. माझ्या वडिलांचं नाव. लॅपटॉपवाल्या एकाने मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. कोणी उठलं नाही. मुलीने पुन्हा हाक मारली, या खेपेला जरा लांबवून, चाळीच्या खालून त्यांचे मित्र मारायचे तशी.

मी खुर्ची मागे सारून उठले, तशी आईने माझं मनगट घट्ट धरलं.

“थांब गो,” ती म्हणाली. “आजून एकदा मारूंदे हाक.”