आमचा माल माणसांत जायचा

लेथवर काम चालतं तिथे स्टीलचा कीस सगळीकडे पडतो. कितीही झाडा, संध्याकाळी चपलेच्या तळाला चिकटून तो घरी येतोच. किश्शांचं तसंच असतं. मी काही मुद्दाम गोळा केले नाहीत, पण कर्वेनगरच्या त्या वर्कशॉपमध्ये सोळा वर्षं काढली आणि आता कुणी नुसतं "तेव्हा काय करायचात हो तुम्ही?" असं विचारलं, की एकामागून एक गळायला लागतात.

आम्ही मोडलेली हाडं जोडायच्या पट्ट्या, स्क्रू आणि खुब्याचे सांधे बनवायचो. नव्वदीची सुरुवात होती. देश नुकताच उघडला होता, बाहेरचा माल येऊ लागला होता, आणि तरी पुण्यातले अर्धे हाडांचे डॉक्टर आमच्याकडून घ्यायचे. या धंद्याची गंमत अशी, की आपला माल पुन्हा दिसत नाही. स्कूटर बनवणाऱ्याला रस्त्यात स्कूटर दिसते. आम्ही लक्ष्मी रोडवर अनोळखी माणसांच्या मागून त्यांची चाल बघत हिंडायचो.

*

नोकरी लागली तो दिवस आधी सांगते. मी धातुशास्त्राचा डिप्लोमा केलेली, वय एकवीस. त्याआधी तीन कंपन्यांनी "आमच्याकडे लेडीजसाठी सोय नाही" म्हणून परत पाठवलं होतं. इथले मालक परचुरे सर. पन्नाशीचे, सदैव पांढरा हाफ शर्ट, बोलणं मोजून मापून. त्यांनी माझी सर्टिफिकेटं न बघताच उलटी ठेवली आणि टेबलावर एक स्क्रू ठेवला.

"बापटबाई, हा तुमच्या आईच्या पायात बसवू द्याल?"

नाही म्हणावं तर मालकाचा अपमान, हो म्हणावं तर आईचा प्रश्न. मी म्हटलं, "आधी भिंग द्या, मग सांगते."

त्यांनी खणातून भिंग काढून दिलं. तिसऱ्या आट्यावर केसाएवढी कड राहिली होती. मी नाही म्हटलं. सर म्हणाले, "उद्या आठला या. डबा आणा, इथे जवळ काही मिळत नाही."

*

आमचे टर्नर होते वानखडे. अकोल्याकडचे. स्कूटरच्या कारखान्यात टेंपररी म्हणून पुण्याला आले आणि तिथून सुटल्यावर आमच्याकडे लागले. हात असा, की मायक्रोमीटर लावायच्या आधीच माप सांगत. त्यांना कामावर घेतलं, मशीन दाखवलं, ड्रॉइंग दिलं. पण आपण काय बनवतो हे सांगायचं मात्र सगळेच विसरले. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात इंग्रजीत 'फिमोरल' लिहिलेलं असायचं, म्हणजे मांडीच्या हाडाचं. दोन महिन्यांनी चहा पिताना वानखडे सरांना म्हणाले, "हे फिमोरल कंपनीवाले लय काम देऊन राहिले. पार्टी चांगली दिसते."

सरांनी कप खाली ठेवला आणि त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. मोडलेला खुबा, तो काढून त्याजागी बसवायचा हा गोळा, त्याचा मांडीच्या हाडात जाणारा दांडा. वानखडे ऐकत राहिले. मग उठले आणि पॅकिंगला ठेवलेल्या पेटीतून स्वतःचे तीसच्या तीस सांधे बाहेर काढून पुन्हा पॉलिशच्या चाकावर घेऊन बसले. मी म्हटलं, "वानखडे, ते पास झालेत. मीच तपासलेत."

"माहीत आहे मॅडम," ते मान वर न करता म्हणाले. "मशीनचं असतं त चाललं असतं."

*

स्क्रू हाडात किती घट्ट बसतो हे बघायचं तर हाड लागतं. माणसाचं कुठून आणणार? बकऱ्याचं चालेल असं ठरलं. आता परचुरे सर माळकरी, वानखडेंचा त्या महिन्यात श्रावण. राहिले मी. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही, पण मी नोकरीत नवी होते आणि नाही म्हणायची सवय फक्त भिंगापुरती होती.

मटणाच्या दुकानात रांगेत उभी राहिले. नंबर आल्यावर सांगितलं, मांस नको, नुसतं पायाचं हाड हवं, सरळ, सहा इंची, कुठे चीर गेलेली नको. मग पर्समधून व्हर्नियर काढलं आणि दुकानदारांनी पुढे केलेल्या हाडांची जाडी मोजायला लागले. पाचातली तीन नापास केली. मागची रांग माना पुढे काढून बघत होती. दुकानदारांनी शांतपणे विचारलं, "ताई, पाहुणे फारच चिकित्सक आहेत का?"

पुढे ते माझ्यासाठी चांगली हाडं बाजूला ठेवू लागले. पण त्याच रांगेच्या पलीकडे, रस्त्यावर, आमच्या शेजारच्या काकू उभ्या होत्या. त्या घरी माझ्याआधी पोचल्या.

तिसऱ्या दिवशी आई पोळी वाढता वाढता म्हणाली, "मुलगा कोण आहे ते सांग. बाबांना मी समजावते. पण रांधायला शिकायचंच असेल तर हाडांपासून कशाला सुरुवात करतेस?"

*

डॉ. लिमये आमचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात तिखट गिऱ्हाईक. त्यांनीच सरांच्या डोक्यात ते खूळ घातलं. बाहेरून येणारे सांधे आपल्या लोकांच्या, विशेषतः आपल्या बायकांच्या हाडाला मोठे होतात, दांडा आत ठोकताना हाड तडकतं, तुम्ही आपल्या मापाचा करा. डॉक्टरांनी जुने एक्स-रे गठ्ठ्यानं पाठवले. आम्ही ते खिडकीच्या काचेला चिकटवून चार महिने मापं घेतली. दांड्याचं वळण कुठे हवं, यावर सर आणि वानखडे रोज वाद घालायचे.

शेवटी वानखडेंनी अंगाच्या साबणाची मोठी वडी घेतली आणि पातळ पात्यानं कोरायला बसले. बरोबर जमेपर्यंत अकरा साबण गेले. अकरावा असा उतरला, की सर त्याच्याकडे बघून हसले. सरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरांना दाखवायचा म्हणून तो स्वच्छ बशीत ठेवला.

ठरल्या वेळेला लिमये आले. सर म्हणाले, "डॉक्टर, नमुना तयार आहे, बघता ना?" डॉक्टर म्हणाले, आलोच. सर्जन माणूस, काहीही हातात घेण्याआधी हात धुणार. बेसिनवर गेले. आणि बशी, का कोण जाणे, बेसिनच्या शेजारच्या फळीवर होती.

आम्ही तिघांनी एकदमच पाहिलं, पण तोवर कोपरापर्यंत फेस झाला होता. डॉक्टरांनी हात पुसले, उरलेल्या तुकड्याकडे बघितलं, आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं.

"माप कळलं नाही," ते म्हणाले. "फेस मात्र चांगला येतो."

बारावा साबण वानखडेंनी कपाटात कुलूप लावून ठेवला. त्याच्यावरून बनलेला दांडा पुढे बरीच वर्षं चालला. त्याच महिन्यात सरांनी बुधवार पेठेतून सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर घेतला.

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण गाळला तर बाकीचे खोटे वाटतील.

एकदा डॉ. लिमये न कळवता आले आणि सरांच्या टेबलावर एक पाकीट ठेवून उभे राहिले. आत आमची पट्टी होती, दोन तुकडे झालेली. पेशंटच्या पायात मोडली होती. त्यांना पुन्हा ऑपरेशन करावं लागलं होतं.

मी तुकडे मायक्रोस्कोपखाली धरले. मोडलेल्या जागी लाटांसारख्या रेषा होत्या आणि सगळ्या रेषा एका बिंदूपासून निघत होत्या. तो बिंदू म्हणजे नंबरातल्या सातच्या आकड्याचं टोक. पट्टी पास झाली की तिच्यावर ठशानं नंबर ठोकायचा, हे माझं काम होतं. आकडा स्क्रूच्या भोकाच्या फार जवळ आणि फार खोल गेला होता.

मी सरांना सांगितलं. त्या लॉटच्या पट्ट्या ज्या ज्या हॉस्पिटलात गेल्या होत्या तिथे ते स्वतः स्कूटरवर गेले आणि शिल्लक होत्या त्या परत आणल्या. ज्या माणसांच्या आत गेल्या होत्या त्या कशा आणणार? त्यांची यादी केली. वर्षभर मी दर महिन्याला त्या त्या डॉक्टरांना फोन करून विचारत होते. आणखी एकही मोडली नाही, पण ते वर्ष मी नीट जेवले नाही.

आणि सर मला घेऊन पेशंटच्या घरी गेले. सदाशिव पेठेत टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्या बाई होत्या. पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या. सरांनी सगळं सरळ सांगितलं, चूक आमची होती. मग मी म्हटलं, नंबर मी ठोकला होता.

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "टायपिंगला मी मुलींना एकच सांगते," त्या म्हणाल्या. "अक्षर उमटण्यापुरतं मारा. कागद फाडू नका."

मग त्या म्हणाल्या, "चहा घेणार असाल तर आत्ताच सांगा. उठायला मला वेळ लागतो, तो कुणाच्या कृपेनं हे आपण बोललोच."

चहा मी केला. त्यानंतर आमच्याकडे ठसा आणि हातोडी बंद झाली. नंबर पट्टीच्या टोकाला, करंटनं, नुसता उमटवायचा असं ठरलं.

*

कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला आमच्याकडे सबनीस होता. हुशार आणि घाईचा. नडगीची एक नवी, पातळ पट्टी त्यानं काढली होती, चार भोकांची रचना सगळी त्याची. पण बाहेर सॉफ्टवेअरचं वारं सुटलं होतं. एके दिवशी राजीनामा देऊन म्हणाला, "सर, हाडात काही फ्यूचर नाही."

सर म्हणाले, "हाडाला घाई नसते. तुम्हाला आहे. जा." मनापासून हात मिळवला आणि त्याला सोडलं.

सात-आठ वर्षांनी सबनीसचा फोन आला. खराडीला मोठ्या कंपनीत होता. बाइक घसरली, नडगी मोडली, ऑपरेशन झालं. एक्स-रे हातात आल्यावर त्यानं तो उजेडाकडे धरला आणि चार भोकांची रचना ओळखली. म्हणाला, डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना वाटलं भूल अजून उतरली नाही.

"आता ऑफिसच्या गेटवर रोज तमाशा होतो," तो म्हणाला. "गार्ड ते हातातलं यंत्र पायाजवळ नेतो, ते वाजतं. तो विचारतो, सर, पँटमध्ये काय आहे?"

"मग काय सांगतोस?"

"सांगतो, माझी पहिली नोकरी."

*

आणि एक दुपार.

जेवणाची सुट्टी संपत आली होती. पन्नाशीचे एक गृहस्थ दारात आले, बस कंडक्टरच्या खाकी कपड्यांत. हातात पिशवी. डॉ. लिमयांच्या दवाखान्यातून पत्ता मिळाला म्हणाले. सरांनी बसायला सांगितलं, पण ते उभेच राहिले.

त्यांच्या आई लोकांच्या घरी पोळ्यांचं काम करायच्या. नऊ वर्षांपूर्वी पडल्या, खुबा मोडला, आमचा सांधा बसला. तीन महिन्यांनी त्या पुन्हा कामाला लागल्या आणि अगदी शेवटच्या वर्षापर्यंत रोज चार घरं करत होत्या. महिन्यापूर्वी गेल्या, झोपेतच.

त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि उघडला. आत पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेला सांधा होता. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला गेले तेव्हा राखेत मिळाला, म्हणाले. आगीनं गोळ्यावर निळी-जांभळी झाक आली होती. वानखडेंनी हात पँटला पुसले, तो उचलला आणि उजेडात फिरवून फिरवून बघत राहिले.

सरांनी हळूच विचारलं, "हा अस्थींबरोबर नाही का सोडलात?"

"आईनं नको म्हणून सांगितलं होतं," ते म्हणाले. ऑपरेशननंतर आईनं लिमये डॉक्टरांना विचारलं होतं, मला जाळल्यावर हे जळेल का? डॉक्टर म्हणाले होते, नाही, हे तुमच्याहून टिकाऊ आहे. तेव्हापासून तिचं ठरलं होतं. ही वस्तू माझ्याबरोबर आलेली नाही, मला वापरायला मिळाली आहे, माझं झालं की ज्याची त्याला नेऊन द्या.

मग त्यांनी पिशवीतून दुसरा डबा काढला. बेसनाचे लाडू होते.

"कुणाची वस्तू परत करताना रिकाम्या हातानं जायचं नाही, हेही तिचंच," ते म्हणाले.

सरांनी एक लाडू घेतला, पण खाल्ला नाही, हातातच धरून बसले. मी पाणी आणलं. ते गृहस्थ प्यायले, डबे रिकामे करून घेतले, पुन्हा पिशवीत ठेवले आणि निघाले. दारापर्यंत जाऊन वळले आणि वानखडेंच्या हातातल्या सांध्याकडे बघून म्हणाले,

"एक निरोप आहे तिचा. म्हणाली होती, ज्यांनी केलाय त्यांना सांग, एकदाही कुरकुरला नाही."