टॉवेलखालचा कॅसिनो

स्वारगेटच्या फलाटावर बारामतीची विनाथांबा बस लागली आणि मी खिडकीची जागा सोडून ड्रायव्हरच्या मागची जागा धरली. मी पुढे बसले म्हणजे गाडी लवकर पोहोचेल अशी माझी समजूत असावी. एरवी आजोळी जायचं म्हटलं की मी दोन दिवस आधीपासून पिशवी भरते. या वेळी हाताला लागेल तो ड्रेस चढवून निघाले होते, कारण माझे मामा कॅसिनो विकत घ्यायला निघाले होते आणि मला त्यांना अडवायचं होतं.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो, म्हणून मीही तात्याच म्हणते. त्यांच्या वडलांकडे मेंढरं होती. तात्या वालचंदनगरच्या कारखान्यात लागले आणि मेंढरं सुटली. आता निवृत्त होऊन, मिळालेले पैसे बँकेत ठेवून, ते मामीबरोबर सुखाने राहत होते. काल संध्याकाळी मामीचा फोन आला. ‘‘अगं, ह्यांनी कॅसिनो घ्यायचं ठरवलंय. सगळं बँकेतलं काढून देणार म्हणं.’’ मागून तात्यांनीच फोन घेतला आणि मोबाइलवर आलेली जाहिरात मला खड्या आवाजात वाचून दाखवली.

‘‘जत्रेत खेळणारे रिकाम्या खिशानं घरी जातात. पट मांडणारा कधी रिकामा गेलेला पाहिलाय? कॅसिनोत खेळू नका, कॅसिनोचे भागीदार व्हा.’’ मग म्हणाले, ‘‘लिहिणारा कोणतरी आपल्यातलाच हाय बघ. म्हणून तर माझा इस्वास बसला.’’

लिहिणारी मी होते.

पुण्यात घरी बसून जाहिरातींची मराठी लिहिणं हे माझं काम. साबण, सिमेंट, विमा, जे येईल ते. वर्षभरापूर्वी ही ऑनलाइन कॅसिनोवाली कंपनी आली आणि साबणाच्या तिप्पट पैसे देऊ लागली. सरकारने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा त्यांनी सूर बदलला. आता खेळाडू नकोत, गुंतवणूकदार हवेत. कॅसिनो परदेशातला, पैसा इथला. कायद्याचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त भाषा बघा, असं त्यांनी सांगितलं आणि मी फक्त भाषा बघितली. जत्रेचं ते वाक्यही माझं नव्हतं. सात वर्षांची असताना सोंगट्यांच्या पटावर आठ आणे लावायला निघाले होते, तेव्हा हात धरून मागे ओढताना तात्यांनीच ते मला सांगितलं होतं. त्यांचंच बोलणं साफसूफ करून मी त्यांच्याच मोबाइलवर पाठवलं होतं.

फोनवर हे सांगायचं धाडस मला झालं नाही. ‘‘मी उद्या येते, तोवर थांबा,’’ एवढंच म्हणाले. ‘‘ये की,’’ तात्या म्हणाले.

सासवड मागे पडलं, जेजुरी आली, मोरगाव गेलं. माझं लक्ष खिडकीबाहेर कमी आणि ड्रायव्हरच्या पायाकडे जास्त. बारामतीत शिरताना मात्र डोळे निवतात. रुंद रस्ते, झाडं लावलेले दुभाजक, आणि त्यातून डुलत जाणारा उसाचा ट्रॅक्टर. स्थानकावर उभ्या उभ्या मिसळ खाल्ली. तिखट होती की माझाच जीव थाऱ्यावर नव्हता, कोण जाणे, डोळ्यांतून पाणी आलं. शेजारचे आजोबा म्हणाले, ‘‘ताई, दही मागा. लाजू नका.’’ मागितलं.

तिथून दुसऱ्या बसने वालचंदनगर. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच कालव्याचं संथ पाणी, मग एकदम मोठाली झाडं सुरू होतात आणि त्यांच्या सावलीत कारखान्याची वसाहत लागते. तात्यांचं घर वसाहतीच्या पलीकडे. दारात मामी एकटीच.

‘‘इंदापूरला गेले,’’ ती म्हणाली. ‘‘त्या कॅसिनोवाल्या सायबाचा सकाळी फोन आला. स्कीम आज संपती म्हणाला. चेकबुक घेतलं आन् गेले. रशीदभाईपण हाय संगं, शेरडांच्या बाजारात. फोन उचलंनात.’’

मी उंबऱ्यातूनच मागे वळले. मामीने तशा घाईतही भाकरीत ठेचा घालून गुंडाळी हातात दिली. ‘‘खाऊन जा’’ म्हणून काही उपयोग नाही हे तिने ओळखलं, आणि ‘‘खात जा’’ म्हणाली.

जंक्शन नावाच्या फाट्यावर वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) मिळालं. बारा जणांच्या जागेत सतरावी मी. निमगाव केतकीचे पानमळे कधी आले नि गेले कळलं नाही, कारण माझं तोंड एका काकूंच्या पिशवीत होतं. पिशवीत कोथिंबीर होती, त्यामुळे तक्रार नाही. भाकरी मात्र चेपून चपाती झाली.

इंदापूरला बाजार भरला होता. तहसील कचेरीचे कागद हातात धरलेली माणसं, हायवेवरून उतरलेले ट्रक, कांदे, दोरखंड, टमाट्यांचे ढीग. जनावरांच्या बाजाराकडे वळले तोच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. ती काढून हातात घेतली आणि शेळ्यांमधून एका पायावर लंगडत निघाले.

लिंबाखाली तात्या दिसले. मांडी घालून बसले होते. समोर रशीदभाई. रशीदभाई शेळ्यांचे व्यापारी. त्यांच्या वडलांनी तात्यांच्या वडलांकडून मेंढरं घ्यायची, ही दोन घरांची पिढीजात ओळख. दोघांच्या मध्ये तात्यांचा निळ्या पट्ट्यांचा टॉवेल पसरलेला आणि तात्यांचा उजवा हात त्याच्या खाली.

हा प्रकार मला लहानपणापासून ठाऊक होता. जनावराचा भाव इथे तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा टॉवेलखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना आकडा कळत नाही. पटलं तर हात हलवायचा. नाही पटलं तर समोरच्याची बोटं मिटवून त्याची मूठ त्याला परत द्यायची, की सौदा मोडला. आणि हात टॉवेलखाली असेपर्यंत तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही.

पण रशीदभाईंचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. मग टॉवेलखाली कोण?

‘‘तात्या, देऊ नका!’’ मी लांबूनच ओरडले.

तात्यांनी माझ्याकडे न बघता डावा हात वर केला. थांब. रशीदभाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मी हातात चप्पल घेऊन गप्प उभी राहिले. इतक्या लांबून ज्यासाठी धावत आले ते डोळ्यांसमोर घडत होतं आणि बाजाराच्या रिवाजाने माझं तोंड बंद केलं होतं. तेवढ्यात टॉवेलखालून आवाज आला.

‘‘हॅलो? अंकल? काहीच दिसत नाहीये. कॅमेऱ्यावर काहीतरी आलंय.’’

टॉवेलखाली मोबाइल होता. साहेब व्हिडिओवर होते.

‘‘टावेल आलाय,’’ तात्या म्हणाले. ‘‘आता बोटं दाबा.’’

‘‘कसली बोटं?’’

‘‘हितं सौदा हातानं होतो सायेब. भागीदार म्हणताय न्हवं? मग हात द्या.’’

‘‘अंकल, पैसे ऑनलाइन पाठवायचेत. हात कशाला?’’

‘‘मग तुमी या हितं. चहा घेऊ. हातात हात द्या, मी जाग्यावर चेक फाडतो.’’

‘‘आमचं ऑफिस बाहेरच्या देशात आहे, सर.’’

‘‘आसू द्या. इमानानं या. आमी बसतो.’’

साहेब थोडा वेळ गोड बोलले, मग आज शेवटचा दिवस असल्याचं बोलले, मग जरा वरच्या पट्टीत बोलले. प्रत्येक वेळी तात्यांचं उत्तर एकच: हात द्या. शेवटी टॉवेलखाली सामसूम झाली. साहेबांनी फोन कापला होता.

तात्यांनी मोबाइल बाहेर काढला, टॉवेलने पुसला. ‘‘न्हाय जमत,’’ ते म्हणाले.

रशीदभाईंनी मान हलवली. ‘‘तात्या, हात धरला की मानूस कळतो. घाम सुटलाय का, थरथरतोय का. ह्याला हातच न्हाय. ह्याच्याकडून आपुन करडूबी घेणार न्हाय.’’

मी तिथेच मातीत बसले. हसू येत होतं आणि हुंदकाही येत होता. बसपासून छातीवर ठेवलेला धोंडा खाली उतरला होता. ‘‘काय झालं गं?’’ तात्यांनी विचारलं. चप्पल तुटली म्हणून सांगितलं. रशीदभाईंनी शेळीच्या दाव्याचा सुतळीचा तुकडा काढला आणि अंगठा असा आवळून बांधला की तो आजही टिकून आहे.

दुपारी रशीदभाईंना भिगवणला शेळ्या पोहोचवायच्या होत्या. तिथून मला पुण्याची गाडी मिळणार होती, आणि तात्यांना मासे खायचे होते. कॅसिनोचे पैसे वाचल्याच्या आनंदात, असं ते म्हणाले. तिघं पिकअपच्या पुढे, शेळ्या मागे. हायवेला लागल्यावर उजवीकडे उजनीचं पाणी दिसू लागलं. पाण्यात अर्धी बुडलेली बाभळीची झाडं, काठाला होड्या, लांबवर पांढऱ्या पक्ष्यांची रांग. सकाळपासून पहिल्यांदाच मी खिडकीबाहेर बघत होते. वाऱ्याला मासळीचा आणि शेळ्यांचा मिळून वास होता आणि तोही मला गोड लागत होता.

रशीदभाई आम्हाला एका खानावळीसमोर सोडून पुढे गेले. पत्र्याखाली चार टेबलं. तळलेली चिलापी (उजनीतला घरोघरचा मासा), लालभडक रस्सा, बाजरीची भाकरी. तात्या काटे काढून बाजूला रचत होते, कारखान्यात सुटे भाग लावत तसे. खरं तर मी गप्प राहू शकले असते. पैसे वाचले होते, तात्या खुशीत होते, कुणाला काही कळलं नसतं.

‘‘तात्या,’’ मी म्हणाले, ‘‘ती जत्रेची जाहिरात मी लिहिली.’’

त्यांचा घास थांबला. ‘‘कुटली?’’

‘‘तीच. पट मांडणारा रिकामा जात नाही. तुम्हीच सांगितलं होतं मला, हात धरून.’’

त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं.

‘‘तरीच,’’ ते म्हणाले. ‘‘मला वाटलं, हे कुठंतरी ऐकलंय.’’ मग म्हणाले, ‘‘मी तुला खेळू नको म्हणून सांगितलं हुतं गं. पट मांड म्हणून न्हवं.’’

रस्सा निवत गेला.

तात्यांनी हात धुतले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि टेबलावर पसरला. ‘‘आण हात.’’

मी उजवा हात त्याच्या खाली घातला. त्यांचा तळवा खरबरीत आणि गरम होता. माझा घामाने ओला होता, ते त्यांना लगेच कळलं असणार.

‘‘सांग. काय भाव मिळतो ह्या लिहिण्याचा?’’

मी बोटं दाबली. शेजारच्या टेबलावर दोन ट्रकवाले जेवत होते, त्यांना काही कळलं नाही. तात्यांच्या भुवया वर गेल्या. आकडा त्यांना मोठा वाटला, हे मला दिसलं आणि बरं वाटलं नाही.

मग त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटवली. आधी करंगळी, शेवटी अंगठा. झालेली मूठ दोन्ही हातांत धरून हलकेच दाबली आणि माझ्याकडे परत सरकवली. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. ‘‘चल, गाडी येईल तुझी. मामीला दोन चिलाप्या बांधून घिऊ.’’

गाडी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तात्या स्टेशनच्या कठड्याला टेकून हात हलवत होते, दुसऱ्या हातात माशांची पिशवी. दौंड यायच्या आत माझ्या मोबाइलवर कंपनीचा निरोप आला. जत्रेची जाहिरात फार चालली आहे, तशीच गावरान बोलीतली आणखी पाच हवीत, भाव वाढवून देऊ.

घरभाडं आठवलं, साबणवाले किती उशिरा पैसे देतात ते आठवलं. पण खरं सांगायचं तर जीव भांड्यात पडला होता तो आता तिथून हलायला तयार नव्हता. मला फक्त उत्तर लिहायचं होतं, आणि तेही जरा अवघड गेलं, कारण उजवी मूठ मी भिगवणपासून उघडलीच नव्हती. मग मांडीवर मोबाइल ठेवून डाव्या हाताच्या एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं: ‘सौदा मोडला.’