शेवंती कुणाच्या बाजूची

खारेवाडीत क्रिकेटचं वेड असलेली माणसं पुष्कळ, पण समोरच्या संघाला धडकी भरवणारी एकटी शेवंती. वर्षभर काजूच्या कारखान्यात मान खाली घालून बिया फोडणारी ही बाई मे महिन्यात सड्यावर, गावावरच्या कातळाच्या सपाट माळावर, सामने सुरू झाले की ओळखू येत नसे. डोक्यावर ओला टॉवेल, पायाशी कोकम सरबताची बाटली आणि आवाज असा, की खाली आंब्याच्या बागेत काम करणाऱ्यांना स्कोअर कळावा. मिठबावच्या एका कप्तानाने तर आपल्या पोरांना बजावलं होतं, "थय ती बाय बसली हा, थय कॅच घेवक जाव नकात. हातातलो बॉल भियान सुटतलो." हे कानावर आलं तेव्हा शेवंती आठवडाभर हसत होती. कारखान्यात प्रत्येकीला तिने ते दोन-दोनदा सांगितलं.

हे वेड लहानपणापासूनचं. थोरला भाऊ गुरुदास बॉलिंग टाकायचा आणि ही परकरातली पोर काजीच्या झुडपांत घुसून बॉल शोधून आणायची. समोरचा गडी आउट झाला की दोन्ही हात वर करून उडी मारायची आणि ओरडायची, "गेलो, मेलो!" म्हणजे समोरचा गेला, मेला. ती ओरड पुढे सगळ्या खारेवाडीची झाली. पण पहिला आवाज तिचाच असायचा.

लग्न होऊन ती घाटाच्या पायथ्याशी, वैभववाडीकडच्या पाळेकोंडात गेली. तीन पावसाळे काढले. मुलगा दीड वर्षाचा असताना नवरा काविळीने गेला. सासरच्यांनी तिला बाहेर काढलं असं कुणी म्हणू शकणार नाही. त्यांनी फक्त तिला माहेरी पोचवलं आणि परत न्यायला कुणी आलं नाही. गुरुदासने घराच्या बाजूची पडवी भिंत घालून तिला दिली. त्या उपकाराखाली ती वीस वर्षं वाकून राहिली. वहिनीच्या आधी उठायची, सगळ्यांच्या मागून जेवायची. मान ताठ करायची ती फक्त सड्यावर.

तिचा मुलगा सिद्धेश त्याच सड्यावर मोठा झाला. गुरुदासचा मुलगा दत्तप्रसाद आणि तो एकाच बॅटने खेळले. पुढे दत्तप्रसाद मुंबईला नोकरीला गेला आणि सिद्धेश कणकवलीत मोबाइलच्या दुकानात लागला. हात मात्र सिद्धेशचा होता. सरळ बॅटने मारलेला त्याचा फटका काजीच्या ओळीपलीकडे जाऊन पडायचा. चार वर्षं तो खारेवाडीकडून खेळला. त्या चार मे महिन्यांत शेवंतीला वाटायचं, आता आपलं काही देणं राहिलं नाही. आपण या गावाला एक बॅट्समन दिला.

पाचव्या वर्षी सड्यावर जिल्ह्याची मोठी स्पर्धा ठरली. एक गाव, एक संघ. खेळाडू त्याच गावचा हवा. बाहेरून येऊन राहिलेल्याला खेळवायचं तर गावाच्या मंडळाने तसं लिहून द्यायचं. मंडळाचा अध्यक्ष गुरुदास. शेवंतीला काळजीचं काही कारणच दिसलं नाही. तिने सिद्धेशसाठी नवे बूटसुद्धा आणले. संघाची नावं लागली आणि त्यात सिद्धेश नव्हता.

ती भावाच्या ओटीवर गेली. तो सुपारी कातरत होता.

"दादा, सिद्धूचा नाव रवला."

"रवला नाय गो. बसत नाय तो नियमात. बापाचो गाव तो मूळ गाव."

"तेचा आधार कार्ड हयचा, रेशन कार्डार नाव हयचा. तुया लिवन दिलंस तर झाला मा?"

"आणि उद्या कोण बोललो, गुरुदासान भाच्याक घुसवल्यान, तर?"

"चार वर्सा खेळलो, तेवा नाय कोण बोललो!"

"तेवा वाडीतली मजा होती, शेवंते. आता यूट्यूबार दिसता सगळा."

आतून वहिनीचा आवाज आला, "दत्ता रजा काढून येतासा मुंबयसून. तेका काय बाहेर बसवूचो?"

अकराच जण खेळतात, आणि अकरावा कोण हे शेवंतीला कळलं. ती आणखी काही बोलली असती. पण पाठीमागे पडवीचं दार उघडं दिसत होतं. वीस वर्षं ज्याच्या भिंतीआड राहिलो त्याला काय सुनावणार? गुरुदास मऊ आवाजात म्हणाला, "भाचो म्हंजे पावणो गो. पावण्याचो मान येगळो." आणि सुपारीची खांडं त्याने तिच्यापुढे केली. तिने घेतलीसुद्धा.

आठ दिवसांनी पाळेकोंडातून मोटरसायकलवर तिचा धाकटा दीर महादू आला. तिला माहेरी पोचवल्यानंतर हा माणूस तिला आज पहिल्यांदा दिसत होता.

"वयनी, सिद्धेशाक न्हेवक इलंय. दादाचो झिल तो आमचो. आडनाव आमचा, देव आमचो."

"तो तापान फणफणलो तेवा खंय गेललो तुमचो देव?"

"झाला गेला काढून काय उपेग? पोराचा बघा. हय तेका बसवन ठेवल्यानी, आमी तेका एक नंबराक खेळवतलंव."

"बॅट चलता म्हणान आठवण झाली तुमका. नायतर पोर जिता आसा काय मेला, इचारलात?"

महादूने मोटरसायकलची चावी उचलली. शेवंतीला वाटलं, आता हा उठून जाईल. तेवढ्यात सिद्धेश खोलीतून बाहेर आला. त्याच्या खांद्यावर बॅग होती. ती कधी भरली हे तिला कळलंच नव्हतं.

"आये, माका खेळूचा आसा," तो म्हणाला. "खंयसूनय."

बॅगेतून नव्या बुटांची टोकं बाहेर आली होती. खंयसूनय, म्हणजे कुठूनही, अगदी पाळेकोंडाकडूनही. जा, म्हणाली. तो उंबऱ्याबाहेर पडला आणि पुन्हा वळला.

"आणि फायनलात खारेवाडीवांगडा गाठ पडली तर? तुया कोणाच्या बाजून?"

"ह्या काय इचारणा झाला? तुझ्याच बाजून, मेल्या! आवस मी तुझी."

तो हसला. मोटरसायकल गेल्यावर खूप वेळ ती ओटीवर उभी होती. आपण बोललो ते खरंच आहे, यात तिला तिळभरही शंका नव्हती.

आणि फायनलला तीच गाठ पडली.

त्या दिवशी शेवंतीने बसायला जागा शोधण्यातच अर्धा तास घालवला. खारेवाडीच्या मांडवात बसायचं नव्हतं. पाळेकोंडाच्या मांडवात जावेच्या बाजूला बसणं जमणार नव्हतं. शेवटी लाँगऑनच्या बाउंड्रीबाहेर एका काजीखाली ती एकटी बसली. खारेवाडीची बॅटिंग होती तोवर तिने पदराचं टोक दातांत धरलं होतं. दत्तप्रसादने चौकार मारला तेव्हा नुसती मान हलवली. मांडवातून बायका ओरडल्या, "गो शेवंते, घसो बसलो काय?" तिने ऐकलं नाही असं दाखवलं.

मग पाळेकोंड खेळायला आलं आणि सिद्धेश पहिल्या बॉलपासून उभा राहिला. त्याने मारलेला पहिला सिक्स तिच्या डोक्यावरून गेला. तिने टाळ्या वाजवल्या, अगदी हळू, मांडीवर. आजूबाजूला सगळी तिच्याच वाडीची माणसं. दुसऱ्या सिक्सला तिला ओरडायचं होतं, पण काय ओरडायचं ते सुचेना. पाळेकोंडासाठी तिच्या गळ्यात काही तयारच नव्हतं.

शेवटच्या षटकात आठ धावा हव्या होत्या. सिद्धेशने बॉल उचलला आणि तो उंच, फार उंच गेला. खालून दत्तप्रसाद तिच्याच दिशेने पळत सुटला, मान वर, हात पसरलेले. सगळा सडा उभा राहिला. शेवंतीही उभी राहिली. तो पोरगा बॉलखाली पोचतोय की नाही, एवढंच तिला दिसत होतं.

"धाव रे दत्ता! धाव मेल्या! मागे, मागे!"

दत्तप्रसादने अंग टाकलं. दगडावर घासत गेला आणि बॉल वर धरलेला हात धुळीतून बाहेर आला. शेवंतीचे दोन्ही हात वर गेले, पाय जमिनीवरून सुटले आणि सगळ्या सड्यावर पहिला आवाज तिचा घुमला.

"गेलो, मेलो!"

मागाहून अख्खी खारेवाडी तेच ओरडली, म्हणून तिचा आवाज त्यात बुडाला असेल. निदान तिने तशी आशा धरली. हात अजून वरच होते. मैदानाच्या मध्यातून तिचा मुलगा बॅट काखेत मारून, खाली मान घालून चालला होता. तिने हात खाली घेतले आणि तोंडावर दाबले.

खारेवाडी जिंकली. गुरुदास नाचत तिच्यापाशी आला, तिला खांद्याला धरून हलवलं. "भयण माझी! रगत ता रगत! पोटचो आउट झालो तरी गावाची बाजू सोडूक नाय!" बायकांनी तिला गुलाल लावला. तिने तो पुसायचा प्रयत्न केला आणि तो जास्तच पसरला. तशीच ती पाळेकोंडाच्या टेम्पोकडे धावली. सिद्धेश मागच्या फळीवर बसून बूट काढत होता.

"सिद्धू, घराक चल."

"येतंय गे आये, दोन दिसांनी. आज हेंच्यावांगडा जातंय." त्याने तिच्या गालाकडे बघितलं. "तुका पण लावल्यानी गुलाल?" आणि तो कसनुसा हसला.

म्हणजे त्याने ऐकलं नव्हतं. शेवंतीला इतकं हलकं वाटलं की घरी येईपर्यंत ती देवाचं नाव घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवर असताना वहिनी हसत हसत मोबाइल घेऊन आली. "वन्सं, जिल्ह्यात गाजलात तुमी!" खारेवाडीच्याच पोरांनी यूट्यूबवरचा तेवढा तुकडा कापून त्याचं रील केलं होतं. आधी सिद्धेशचा फटका, मग दत्तप्रसादचा कॅच, मग शेवंती हवेत. तिची ओरड तीनदा ऐकू येत होती. खाली लिहिलं होतं, 'पोरगा आउट, आई खूश! अशी फॅन फक्त खारेवाडीची!' आणि हसणारी तोंडं, रांगेने.

तिने तिथूनच फोन लावला.

"सिद्धू, ता रील... माका कळलाच नाय रे. तोंडातसून गेला. सवय ती."

तो बोलला तो कणकवलीतल्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. "हो आई. काही हरकत नाही. खेळ आहे तो."

"घराक कदी येतंस?"

"बघतो. काकांनी इकडे एक काम बघितलंय. कळवतो तुम्हाला."

तुम्हाला म्हणाला. जन्मापासून 'तुया' म्हणणारा पोर. शेवंती फोन हातात धरून कठड्यावर बसली. रहाटाचा दोर सुटून कळशी आत गेली तरी तिला भान नव्हतं.

तो आला नाही. गणपतीला पाळेकोंडात राहिला, कारण गणपती बापाच्या घरचा. दिवाळीत तासभर येऊन राहिलेले कपडे घेऊन गेला, मामाच्या पाया पडला, तिच्याही पडला. तिने पोहे केले होते. ते त्याने संपवले आणि बशी धुवून ठेवली. पाहुणे ठेवतात तशी.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा तीच स्पर्धा झाली. शेवंती सड्यावर जाणार नव्हती. पण पाळेकोंड येणार होतं आणि सिद्धेशला बघायला दुसरी जागा उरली नव्हती. गुरुदासने मात्र काही वेगळंच ठरवलं होतं. उद्घाटनाला तिचं नाव पुकारलं गेलं. "मुलापेक्षा गावाला मोठं मानणारी आमची माउली!" अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. माइक पुढे केला. असं नाही, असं अजिबात नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. पण तो सगळा मांडव, तो भाऊ, ती पडवी. "माका काय बोलूक येणा नाय," एवढंच ती म्हणाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे पाळेकोंडाची पोरंही रीतीप्रमाणे टाळ्या वाजवत होती. त्यात सिद्धेशही होता.

दुपारी तो बॅटिंगला उतरला तेव्हा तिने मनाशी ठरवलं. शाल खुर्चीवर टाकली, पुढे बाउंड्रीच्या दोरीपर्यंत गेली आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "सिद्धू! मार रे माझ्या बाबा! सिद्धू!"

मांडवात हशा पिकला. "शाबास गो शेवंते! घालव तेचा लक्ष!" मागून पोरांनी तोच सूर धरला, "सिद्धू! सिद्धू!" शिट्ट्या, डबे, सगळं सुरू झालं. ती मागे वळून हातवारे करू लागली, गप बसा, गप बसा म्हणून. लोकांना वाटलं, आणखी जोरात ओरडा म्हणतेय.

सिद्धेश स्टंपांपासून बाजूला झाला. त्याने बॅट काखेत धरली, अंपायरला बोलावलं आणि तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. अंपायर मान हलवत बाउंड्रीपर्यंत चालत आला.

"बाई," तो म्हणाला, "बॅट्समनची तक्रार आहे. जरा मागे जाऊन बसा."