सूर्य मावळायच्या आत

माझ्या आईचं नाव प्रमोदिनी मधाळे. आडनाव मधाळे आणि जीभ संकेश्वरी मिरचीची. तिला ओळखणारी माणसं हे तिच्या तोंडावर म्हणायची, कारण पाठीमागे बोललेलं तिला जास्त झोंबायचं. निपाणीच्या ख्रिस्ती घरातली ही मुलगी लग्न करून बेंगळुरूला आली, विवेकनगरातल्या दोन खोल्यांत तिने संसार मांडला, आणि होसूर रोडवरच्या कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवता शिवता ती चाळीस बायकांची सुपरवायझर झाली. एवढं सगळं तिने रागावून रागावून केलं असं मला लहानपणी वाटायचं. अजूनही वाटतं, पण आता ते मी कौतुकाने सांगते.

आपला राग आपल्याला एक दिवस बुडवणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून बायबलातलं पौलाचं एक वचन तिने घट्ट धरलं होतं: रागावर सूर्य मावळू देऊ नका. चर्चमधल्या बाकीच्या मंडळीने हे वचन ऐकून मान डोलावली आणि घरी जाऊन जेवली. आईने त्याचा कायदा केला. घरात भांडण झालं असेल तर ते मिटेपर्यंत संध्याकाळी दिवा लावायचा नाही. शेजारीपाजारी तिन्हीसांजेला देवापुढे वात लागायची, आणि आमच्याकडे चार माणसं काळोखात बसून एकमेकांच्या श्वासाचा आवाज ऐकत असायची.

पप्पा, म्हणजे कृष्णाजी मधाळे, सरकारी कारखान्यात फिटर. सूतभर फरक त्यांना खपत नसे. पेपरातली सूर्यास्ताची वेळ ते रोज सकाळी कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवत. नोव्हेंबरात सहाच्या आत सगळं आवरावं लागे. जुलैत चांगला पाऊण-एक तास जास्त मिळे. माझा धाकटा भाऊ अजित म्हणायचा, मोठी भांडणं आपण जुलैसाठी राखून ठेवू या.

एकदा चर्चचे पाळकसाहेब घरी आले असताना हसत म्हणाले, "प्रमोदिनीबाई, पौलाला अगदी घड्याळ लावून म्हणायचं नव्हतं हो."

"मग काय म्हणायचं होतं? आज राहू दे, ईस्टरला मिटवा?" आई म्हणाली. पाळकसाहेबांनी चहा संपवला.

त्या वर्षांत बेंगळुरूत वीज सारखी जायची. त्यामुळे आमची खिडकी काळी दिसली की शेजारच्या धनलक्ष्मीअक्कांना नक्की काय ते कळत नसे. त्या कठड्यावरून ओरडून विचारायच्या, "करेंट होय्ता, जगळाना?" वीज गेली की भांडण? अजित इकडून ओरडायचा, "एरडू, अक्का!" दोन्ही.

भांडण मिटवण्याचीही रीत ठरलेली होती. 'सॉरी' चालत नसे. "सॉरी बसमधी म्हणायचं, कुणाच्या पायावर पाय पडला तर," आई म्हणायची. अजितने एकदा 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी', जरा सांभाळून घ्या, म्हणून सुटायचा प्रयत्न केला. "अ‍ॅडजस्ट बसच्या बाकावर करायचं. घरात चुकीचं नाव घ्यायचं." मी अजितची वही फाडली असेल तर 'मी तुझी वही फाडली, आणि चुकून नाही, मुद्दाम फाडली' इतकं सगळं म्हणायला लागायचं. मग त्याने 'मिटलं' म्हणायचं, मग दिव्याचं बटण दाबायचं. मी विचारलं होतं, देवाला सगळं ठाऊक असतं तर मोठ्याने का सांगायचं? आई म्हणाली, "त्याला ठाऊक असतंय. तुला ऐकू यावं म्हणून सांगायचं."

फक्त एक गोष्ट होती. आम्ही मुलं आईपुढे चुका बोलून दाखवायचो, पप्पाही बोलायचे. आईने मात्र मुलांपुढे आपल्या चुकीचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. आई चुकत नाही, असा आमच्या घरातला आणखी एक कायदा होता. तो कुणी लिहून ठेवला नव्हता एवढंच.

सन शहाण्णवच्या सप्टेंबरात या कायद्याशी माझी गाठ पडली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, आयटीआयमधून टर्नर झालेली. आमच्या वर्गात लेथ चालवणाऱ्या मुली दोनच, मी आणि सुखदा. पुण्याकडच्या एका कारखान्यात अप्रेंटिस हव्या होत्या, मुलीही चालणार होत्या, आणि आम्ही दोघींनी अर्ज केले होते. मला लेथ का आवडायचा ते सांगणं अवघड आहे. लोखंडाचं सालपट गरम गरम निघतं आणि आतून चकचकीत गोल तुकडा बाहेर येतो, त्यात मला पप्पा दिसायचे. आईला त्यात फक्त पुणं दिसायचं. अर्जावर तिने एक शब्द काढला नाही. आई गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय.

गुरुवारी पाचच्या सुमारास सुखदा आली. तिला पत्र सोमवारीच मिळालं होतं. शनिवारी सकाळी परीक्षा आणि मुलाखत, म्हणून ती त्याच रात्री साडेआठच्या गाडीने भावाबरोबर निघणार होती. "तुझं तिकीट काढलंस?" तिने विचारलं. मला पत्रच आलेलं नव्हतं.

दिवसभर आमच्या घराला कुलूप असायचं, त्यामुळे पोस्टमन आमची पत्रं धनलक्ष्मीअक्कांकडे द्यायचा. मी तशीच त्यांच्या दारात गेले आणि नको नको ते बोलले. तुम्हाला वाचता येत नाही तर आमची पत्रं घेता कशाला, माझ्या जन्माचं वाटोळं केलंत. खाण तशी माती म्हणतात ते खोटं नाही. अख्ख्या कंपाउंडातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. आई नुकतीच कारखान्यातून येत होती, तीही माझ्या मागे येऊन थांबली.

धनलक्ष्मीअक्कांनी माझ्या खांद्यावरून आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदराने हात पुसत त्या म्हणाल्या, "मरतुबिट्टे कणम्मा." विसरले गं बाई. रद्दीबरोबर गेलं असेल, म्हातारी झाले मी. आणि त्यांनी मान खाली घातली.

मी पाय आपटत घरी आले. पप्पा आले, अजित आला. कुणी दिव्याला हात लावला नाही, कारण भांडण झालं होतं हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पप्पांनी हळूच सांगितलं, "नीला, जा, अक्कांना दोन शब्द बोलून ये. सहा सतराला मावळतोय."

"मी नाही जाणार. चूक त्यांची आहे. त्यांनी कबूल केलीय."

आई मोरीजवळ उभी होती. अंगावर अजून कारखान्याचं निळं जाकीट होतं. खिडकीतला उजेड भिंतीवरून वर वर सरकत चालला होता आणि आई त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ती माझ्यावर बरसणार. ती मांडणीपाशी गेली, वरच्या फळीवर पसरलेला कागद तिने उचलला आणि खालून एक लिफाफा काढला. तो माझ्यासमोर ठेवला.

"तुझं पत्र सोमवारी आलं," ती म्हणाली. "अक्कांनी माझ्या हातात दिलं. मी लपवलं. विसरून न्हाई, मुद्दाम. तू जाऊ नयेस म्हणून."

मी लिफाफ्यावरचं माझं नाव पाहत राहिले. तीच पुढे बोलत राहिली, अडखळत, जणू कुणीतरी पकडून तिच्याकडून धडा म्हणवून घेत होतं. "मी निपाणी सोडली त्या दिवशी माझ्याच घरात पाहुणी झाले. आईच्या मातीला पोचले तवा कबरीवरची फुलं सुकली होती. तुझं तसं नको म्हणत होते. पण ते कारण झालं. चूक ती चूक." मग तिचा आवाज फुटला. "ती बाई माझं पाप आपल्या अंगावर घेऊन उभी राहिली, नीला. कुणी सांगितलं होतं तिला? तीस वर्षं मी चर्चमधी ऐकते, आपल्या पापाचं ओझं प्रभूनं उचललं. आज डोळ्यांनी बघितलं आणि मी गप्प उभी होते."

पप्पांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. मी 'मिटलं' म्हटलं नाही. मला ते म्हणता येईना, इतका राग आला होता. आईने माझी वाट पाहिली नाही. ती सरळ बाहेर पडली, धनलक्ष्मीअक्कांच्या दारात गेली आणि सगळ्या बायका अजून तिथेच कुजबुजत उभ्या असताना मोठ्याने म्हणाली, "तप्पु नंदु, अक्का." चूक माझी. मग आपल्या मोडक्या कन्नडमध्ये तिने पत्राची सगळी हकीकत सांगितली, काहीही न गाळता. चाळीस बायकांना धाकात ठेवणारी ती सुपरवायझर त्या दारात हात जोडून उभी होती. तेव्हा माझा राग ओसरला, आणि मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. मलाही माझ्या शब्दांची नावं घ्यायची होती. अक्का दोघींना 'सरी, सरी', असू दे, असू दे, म्हणत आत घेऊन गेल्या आणि त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे पुण्याच्या वाटेसाठी लिंबाचं चित्रान्न, फोडणीचा भात, बांधून दिलं.

पप्पा माझ्याबरोबर यायला निघाले होते. आईने पिशवी त्यांच्या हातून घेतली. "मी लपवलं, मीच पोचवणार." त्याच साडेआठच्या गाडीच्या जनरलच्या डब्यात बसून आम्ही पुण्याला गेलो.  वाटेत दोघींनी मिळून चित्रान्न सगळं संपवलं.

शनिवारी सकाळी कारखान्याच्या फाटकाशी टेबल टाकून एक वयस्क साहेब यादी घेऊन बसले होते. मागे मुलांची रांग. सुखदा आत गेली. माझं नाव सांगितल्यावर ते म्हणाले, "नीला मधाळे? बुधवारपर्यंत होकाराची तार करायची होती. तुमची तार नाही. नाव काढलंय."  माझा चेहरा पाहून त्यांनाच दया आली असावी. "पोस्टाने पत्र उशिरा दिलं का? तसं असेल तर दोन ओळी लिहून द्या. मी घेतो."

एवढं सोपं होतं. पोस्टाचं काय जाणार होतं? मी "हो" म्हणायला तोंड उघडलं होतं.

"पोस्टाची चूक न्हाई, साहेब," मागून आई म्हणाली. "पत्र येळेवर आलं. मी लपवून ठेवलं होतं. पोरीला लांब पाठवायचं न्हवतं म्हणून. तिचा यात दोष न्हाई."

रांगेतली मुलं हसली. मला वाटलं, या बाईने आठवड्यात दुसऱ्यांदा माझं नशीब बुडवलं. साहेबांनी चष्मा काढला आणि आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "तुला हे ठाऊक होतं?"

"हो."

"मग आत्ता काय सांगणार होतीस?"

घरात असते तर हे म्हणायला मला तासभर लागला असता. "खोटं सांगणार होते," मी म्हटलं.

त्यांनी पेन उचललं. मग म्हणाले, नवी पोरं तुकडा बिघडला की भंगारात दडवतात आणि आम्ही महिनाभर शोधत बसतो. त्यांनी माझं नाव यादीच्या अगदी तळाला लिहिलं. "सगळ्यांचं झाल्यावर. वेळ उरली तर. कबूल?"

वेळ उरली. चार वाजता मला लेथवर उभं केलं. आईला फाटकाच्या आत सोडलं नाही. ती सकाळपासून बाहेरच्या कट्ट्यावर बसून होती. मी तुकडा कापला, मापला, आणि पप्पांची शपथ घेऊन सांगते, सूतभर सोडा, केसाइतकाही फरक नव्हता. साडेपाचला फलकावर नावं लागली. आठवं नाव माझं होतं.

मी बाहेर धावत आले. आई उठून उभी राहिली. माझ्या तोंडावरूनच तिला कळलं. "लागलं?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, कारण आता मी खरंच जाणार होते आणि ते तिनेच स्वतःच्या तोंडाने केलं होतं. माझ्यापुढे ती कधी रडली नव्हती. तिने तोंड लपवलं नाही.

सकाळी रांगेत हसणारा एक मुलगा सायकल घेऊन जवळून चालला होता. त्याने थांबून विचारलं, "सकाळी बोलल्या त्या या बाई ना? तुझ्या कोण?"

"माझी आई," मी म्हटलं, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिचं पूर्ण नाव घेतलं, "प्रमोदिनी कृष्णाजी मधाळे!"

"वरडतीस कशाला?" आई डोळे पुसत माझ्यावर खेकसली.