मागची रिकामी आहे

ताईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. टिटवाळ्याला ती एकटी राहायची. हॉस्पिटलातून मी तिला डोंबिवलीला माझ्या घरी आणलं, तेव्हा दारातच तिने सांगून टाकलं, "पाहुणी म्हणून आलेय, लक्षात ठेव. दवाखान्यात एकटी जाऊन एकटी परत यायला लागले, की मी माझ्या घरी."

दवाखाना म्हणजे व्यायाम करून घेणारं केंद्र. सकाळी वेळेवर पोचलं नाही तर त्या दिवशी नंबर नाही.

तेव्हा आमच्या बिल्डिंगसमोरून तासाला एक बस जायची. म्हातारी, खडखडणारी, एकही खिडकी धड न लागणारी. पण तिची वेळ ठरलेली होती आणि कंडक्टर ताईला बघून घंटी धरून ठेवायचा. "मावशी, सावकाश. पळत नाही बस." हा माणूस संत नव्हता, सुट्ट्यांवरून लोकांशी भांडायचा. पण ही बस चुकली तर बाई तासभर उन्हात उभी राहील, एवढं त्याला कळत होतं. तासाला एकच असलेल्या बसला थोडी लाज असते.

मग आमची प्रगती झाली. स्टॉपवर निळी पाटी लागली : 'उच्च वारंवारिता मार्ग'. ताईने चष्मा सावरून ती दोनदा वाचली. "हे रस्त्याचं नाव आहे की रोगाचं?"

दर दहा मिनिटांनी बस येणार होती. इतक्या बस येणार म्हटल्यावर वेळापत्रक हवं कशाला, म्हणून जुनं पुसून टाकलं. प्रत्यक्षात सगळ्या बस शीळफाट्याच्या गर्दीत अडकायच्या आणि तिथून सुटल्या की वऱ्हाडासारख्या एकापाठोपाठ यायच्या. पहिली भरलेली. तिचा ड्रायव्हर खिडकीतून हात काढून मागे दाखवायचा, म्हणजे मागची रिकामी आहे. दुसऱ्याला पहिलीला गाठायची घाई. तिसरा दोघांना ओलांडून निघून जायचा. मागून दुसरी येतेय म्हटल्यावर कुणालाही मागे टाकून जाताना कुणाच्या मनाला काही लागत नाही. या सेवेने शहराला दिलेलं खरं योगदान मला तरी हेच दिसलं.

त्यातून एक नवा नियमही निघाला. हात दाखवला तरच बस थांबणार. ताईच्या डाव्या हातात काठी, ती उचलली की तोल जायचा. उजवा हात वर होत नव्हता आणि तो वर व्हावा म्हणून तर ती निघालेली असायची.

मी डेपोत जाऊन तक्रार केली. टेबलामागचा माणूस नम्र होता, त्यामुळे जास्तच संताप आला.

"काका, आमच्या सगळ्या फेऱ्या पूर्ण आहेत."

"फेऱ्या होतात हो. बस थांबत नाही."

"आता प्रत्येक ठिकाणी थांबत बसलो तर फ्रीक्वेन्सी कशी राखणार?"

मी घरी आलो.

"रिक्षा करू," मी ताईला म्हटलं.

"रिक्षा केली की तू बरोबर येणार. तू बरोबर आलास की माझं टिटवाळा गेलं."

स्टॉपवर दुसऱ्या कुणी हात दाखवला तर तिला बस मिळायची, नाहीतर त्या दिवशीचा नंबर जायचा. पुढे विजेवरच्या नव्या बस आल्या आणि त्यांच्या उद्घाटनाचा मांडव नेमका आमच्या स्टॉपवर पडला. बँड, लाल गालिचा, आणि झेंडूच्या माळा घातलेली, दार उघडं ठेवून उभी असलेली बस. ताई नेहमीसारखी खाली गेली, मांडवाच्या कडेने वाट काढली आणि बसमध्ये चढून बसली. मी गॅलरीतून बघत होतो.

गळ्यात बिल्ला अडकवलेला एक कार्यकर्ता धावला. "ओ आजी, उतरा, उतरा! उद्घाटन व्हायचंय अजून!"

"मग ही थांबलीय कशाला?" ताईचा आवाज गॅलरीपर्यंत आला.

लोक हसले. तेवढ्यात पाहुणे आले. ते पुढारी, त्यांना फोटो लांबूनच दिसतो. "आई, तुमच्याच हस्ते करू!" म्हणत त्यांनी ताईला बसच्या पायरीवर आणलं, तिचा उजवा हात मनगटाला धरला आणि कॅमेऱ्यांसाठी डोक्याच्या वर उचलला. ताई किंचाळली. बँड जोरात होता.

मी जिने उतरून पोचेपर्यंत बस मान्यवरांना घेऊन निघून गेली होती. ताई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर पुष्पगुच्छ. त्या दिवशीचा नंबर गेला. खांदा सुजला आणि कित्येक दिवसांची मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

आठवड्याभरात स्टॉपवर फ्लेक्स लागला. पाहुण्यांचं हास्य, शेजारी कळ येऊन तोंड वेडंवाकडं झालेली ताई, तिचा हात आभाळाकडे. खाली मजकूर : 'ज्येष्ठांचा हात, विकासाला साथ'. फ्लेक्स बांधला तो बस येते त्या बाजूला, म्हणजे स्टॉपवर कुणी उभं आहे हेसुद्धा आता ड्रायव्हरला दिसेना. मी कात्री घेऊन निघालो होतो. ताईने अडवलं.

"राहू दे रे. हात कुठवर न्यायचाय, ते तरी रोज दिसेल."

दीड महिन्यानंतरची सकाळ. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा होतो. ताई फ्लेक्सच्या पुढे, रस्त्याच्या अगदी कडेला जाऊन थांबली. बस दिसली. काठी जमिनीत रोवलेलीच राहिली आणि उजवा हात निघाला. कमरेपासून छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत. तिथे अडला, थरथरला आणि कानाच्याही वर गेला. कुणी धरलेला नव्हता.

ड्रायव्हरने तो नक्की पाहिला. कारण त्यानेही खिडकीतून हात काढला आणि मागे दाखवला.

मी वरून जे ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या गॅलरीतल्या वहिनी आत निघून गेल्या. ताईने माझ्याकडे पाहिलंही नाही. बस वळणावर दिसेनाशी झाली तरी तिने हात खाली घेतला नाही. मागची यायची होती.